चीनमध्ये नोकरी करत पदवी घेणारे इंग्रजीच्या उताऱ्यावर का अडतात? आणि त्यावर सराव कसा करायचा?

अभ्यासक्रम पूर्ण झाला. सगळे विषय सुटले. हातात विद्यापीठाचं प्रमाणपत्रही आलं. तरीही पदवी नाही.

चीनमध्ये नोकरी सांभाळून शिकणाऱ्या अनेकांच्या बाबतीत हे घडतं. कारण तिथे पदवी शिक्षणाच्या शेवटी एक नाही, दोन कागद मिळतात. पहिला 'पीयेचंग', म्हणजे शिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. दुसरा 'श्वेवेइचंग', म्हणजे प्रत्यक्ष पदवी. पहिला मिळाला म्हणजे दुसरा मिळतोच असं नाही.

प्रौढ विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या कागदाच्या वाटेत बऱ्याच विद्यापीठांनी परकीय भाषेची अट ठेवलेली असते. बहुतेकांसाठी ही परकीय भाषा म्हणजे इंग्रजी. आणि इंग्रजीच्या पेपरात मोठा वाटा असतो तो उताऱ्यांचा.

फरक फक्त कागदाचा नाही. चीनमधल्या सरकारी नोकरीच्या जाहिरातीत 'शिक्षण' आणि 'पदवी' असे दोन वेगळे रकाने असतात. दुसऱ्या रकान्यात 'बॅचलर' लिहिलं असेल आणि तुमच्याकडे फक्त पहिला कागद असेल, तर अर्ज तिथेच थांबतो.

मग हे उतारे एवढे अवघड का जातात? आणि सराव नेमका कसा केला तर फायदा होतो? समजून घेऊया.

हे विद्यार्थी कोण आहेत?

चीनमध्ये मोठेपणी पदवी घेण्याचे काही मुख्य मार्ग आहेत.

एक, प्रौढांसाठीची वेगळी प्रवेश परीक्षा देऊन विद्यापीठाच्या अर्धवेळ अभ्यासक्रमाला जाणं.

दोन, स्वयंअध्ययन परीक्षा. लोक तिला 'त्सखाओ' म्हणतात. ही पद्धत 1981 साली सुरू झाली. वर्गात बसायची सक्ती नाही. स्वतः अभ्यास करायचा आणि एकेक पेपर सोडवत जायचं.

तीन, मुक्त विद्यापीठ. 1979 साली रेडिओ आणि टीव्हीवरून शिकवणारं विद्यापीठ म्हणून जे सुरू झालं, तेच 2012 पासून चीनचं मुक्त विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. आपल्याकडच्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठासारखंच काम, फक्त पसारा फार मोठा.

आता वयाचा मुद्दा. चीनमध्ये तिसरीपासून इंग्रजी शिकवायचं 2001 साली ठरलं. ते आधी शहरांत लागू झालं, मग हळूहळू लहान गावांत पोचलं. त्याआधी बहुतेक मुलांना इंग्रजी पहिल्यांदा भेटायचं ते बाराव्या-तेराव्या वर्षी. म्हणजे आज चाळिशीत असलेल्या विद्यार्थ्याचं इंग्रजी शाळेत उशिरा सुरू झालं आणि शाळेबरोबरच सुटलं.

ही गोष्ट ओळखीची वाटते ना? महाराष्ट्रातही मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधी पाचवीपासून होतं.

पेपरात काय असतं?

परीक्षेचं स्वरूप मार्गानुसार आणि विद्यापीठानुसार बदलतं. अंदाज येण्यासाठी एक उदाहरण घेऊ. स्वयंअध्ययन परीक्षेत 'इंग्रजी दोन' नावाचा पेपर अनेक वर्षं घेतला गेला. वेळ 150 मिनिटं, गुण 100, उत्तीर्ण व्हायला 60.

त्यात 30 गुण लेखनाला होते. उरलेले 70 गुण कोणत्या ना कोणत्या उताऱ्यावर. उतारा वाचून विधान बरोबर की चूक ठरवा, पर्याय निवडा, परिच्छेदाचा आशय ओळखा, गाळलेलं वाक्य किंवा शब्द भरा.

म्हणजे व्याकरणाचे नियम पाठ करून इथे भागत नाही. वाचताच आलं पाहिजे.

अडचण 1: वाक्य उलट्या बाजूने उलगडतं

हे वाक्य बघा: 'द बुक दॅट माय यंगर ब्रदर बॉट येस्टरडे'.

इंग्रजीत आधी पुस्तक येतं. कोणतं पुस्तक, ते नंतर कळतं. चिनी भाषेत हेच असं होतं: 'वो तीती त्स्वोथिएन माय त शू'. शब्दाला शब्द ठेवला तर: माझ्या, धाकट्या भावाने, काल, घेतलेलं, पुस्तक.

थांबा. हा तर मराठीचाच क्रम झाला! 'माझ्या धाकट्या भावाने काल घेतलेलं पुस्तक.'

चिनी आणि मराठी या दोन भाषांचं काही नातं नाही. पण नामाचं वर्णन नामाच्या आधी करायचं, ही सवय दोघींची आहे. मराठीत निदान 'जे पुस्तक... ते' अशी दुसरी सोयही आहे. चिनी भाषेत वर्णन कितीही लांब असलं तरी ते साधारणपणे आधीच येतं.

म्हणून होतं काय, तर चिनी वाचक इंग्रजी वाक्याच्या शेवटापर्यंत जातो, परत मागे येतो, मनात वाक्य उलटं लावतो आणि मग पुढे सरकतो. एका वाक्यात हे चालून जातं. तीनशे शब्दांच्या उताऱ्यात वेळ संपतो आणि डोकं दमतं.

अडचण 2: फुकटचे शब्द मिळत नाहीत

मराठी माणसाला इंग्रजी न शिकताही शेकडो इंग्रजी शब्द माहीत असतात. स्टेशन, तिकीट, डॉक्टर, मोबाइल, बँक. चिनी भाषा मात्र परके शब्द उचलण्यापेक्षा स्वतःच्या शब्दांतून नवे घडवते. कॉम्प्युटर म्हणजे 'तिएननाओ', शब्दशः 'विजेचा मेंदू'. टेलिफोन म्हणजे 'तिएनह्वा', 'विजेवरचं बोलणं'. आणि रेल्वे म्हणजे 'ह्वोछ', 'आगीची गाडी'. आपल्या आजी-आजोबांची आगगाडीच!

त्यामुळे चिनी विद्यार्थ्याला इंग्रजी उताऱ्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कष्टानेच कमवावा लागतो.

अडचण 3: एकाच शब्दाची अनेक रूपं

चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही. काम 'काल', 'आज' की 'आधीच', हे वेगळ्या शब्दांतून कळतं. इंग्रजीत मात्र 'वर्क', 'वर्क्स', 'वर्क्ड', 'वर्किंग' अशी रूपं होतात. 'व्हेन ही केम, द बस हॅड लेफ्ट' या वाक्यात बस आधी गेली, हे फक्त 'हॅड' सांगतं. तो शब्द नजरेतून निसटला की घटनांचा क्रम चुकतो आणि त्याच्यावरचा प्रश्नही चुकतो.

अडचण 4: शब्द दिसतो, पण ऐकू येत नाही

इंग्रजी उच्चार लक्षात ठेवायला आपण वहीत देवनागरी लिहितो. चिनी मुलं चिनी अक्षरं लिहितात. 'थँक यू'साठी 'सान ख यौ' हा तिथला जुना विनोद आहे. त्या तीन अक्षरांचा अर्थ होतो 'तीन ग्रॅम तेल'.

विनोद बाजूला ठेवा. असं शिकलेला शब्द एक चित्र म्हणून लक्षात राहतो, आवाज म्हणून नाही. आणि लांब वाक्य वाचताना सुरुवातीचा भाग आपण बराचसा मनातल्या आवाजात धरून ठेवतो. आवाजच नसेल तर वाक्याच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरते.

मग सराव कसा करायचा?

सगळ्यात मोठी चूक ही: रोज एक अवघड उतारा घ्यायचा, प्रत्येक अडलेला शब्द शोधायचा, ओळींच्या मध्ये त्याचा अर्थ लिहायचा. दोन तास जातात. शेवटी वाचलेलं असतं ते आपल्याच भाषेतलं भाषांतर. इंग्रजी वाचायचा सराव झालेलाच नसतो.

त्याऐवजी हे करता येतं.

1. सोपं वाचा, भरपूर वाचा

2000 साली हू श्वे-चाओ आणि पॉल नेशन या अभ्यासकांनी एक प्रयोग मांडला. एखादी गोष्ट मदतीशिवाय नीट समजायला तिच्यातले किती शब्द माहीत हवेत? त्यांचं उत्तर होतं सुमारे 98 टक्के. 80 टक्के शब्द माहीत असलेल्यांपैकी कोणालाही गोष्ट पुरेशी समजली नाही.

हिशोब करा. 300 शब्दांच्या पानावर 98 टक्के म्हणजे फक्त 6 अनोळखी शब्द. पानावर 30 शब्द अडत असतील तर ते पुस्तक सध्या तुमचं नाही. खालच्या पातळीचं घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

चीनमध्ये यासाठी 'शूछुंग' ही मालिका लोकप्रिय आहे. नावाचा अर्थ 'पुस्तकी किडा'. ऑक्सफर्डची पातळीनुसार सोपी केलेली गोष्टीची पुस्तकं तिथे इंग्रजी-चिनी अशी एकत्र मिळतात. फक्त एक पथ्य पाळायचं: चिनी मजकूर शेवटी, खात्री करायला बघायचा.

2. वाक्य तुकड्यांत तोडा, पण उलटं करू नका

'द वर्कर्स हू जॉइन्ड द फॅक्टरी लास्ट इयर हॅव आस्क्ड फॉर अ लाँगर हॉलिडे.'

पेन्सिलीने रेघा मारा: द वर्कर्स / हू जॉइन्ड द फॅक्टरी / लास्ट इयर / हॅव आस्क्ड / फॉर अ लाँगर हॉलिडे.

आता प्रत्येक तुकड्यावर स्वतःला पुढचा प्रश्न विचारा. कामगार. कोणते? कारखान्यात लागलेले. कधी? गेल्या वर्षी. त्यांनी काय केलं? मागणी केली. कशाची? जास्त दिवसांच्या सुट्टीची.

अर्थ इंग्रजीच्याच क्रमाने लागला. मागे यावं लागलं नाही. सुरुवातीला हे हळू वाटतं. काही आठवड्यांनी रेघांची गरज उरत नाही.

3. तोच उतारा दोनदा सोडवा

पहिल्यांदा घड्याळ लावून, शब्दकोशाशिवाय. उत्तरं तपासू नका. मग तोच उतारा वेळेचं बंधन न ठेवता पुन्हा सोडवा. आता दोन्ही गुण शेजारी मांडा.

दुसऱ्या वेळी गुण बरेच वाढले, तर भाषा येते पण वेग कमी आहे. तुम्हाला सोप्या वाचनाची गरज आहे. गुण तेवढेच राहिले, तर अडचण शब्दांत किंवा वाक्यरचनेत आहे. दोन्हीवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी हे कळलं पाहिजे.

4. 'चूक' आणि 'सांगितलेलं नाही' यातला फरक ओळखा

उताऱ्यात असं आहे समजा: 'कारखान्याचं वाचनालय सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सात वाजेपर्यंत उघडं असतं. शनिवारी ते बंद असतं.'

विधान 1: 'शनिवारी सहा वाजता वाचनालयात बसता येतं.' हे चूक. उतारा याच्या उलट सांगतो.

विधान 2: 'बहुतेक कामगार वाचनालयात संध्याकाळी येतात.' हे सांगितलेलंच नाही.

मोठी माणसं नेमकी दुसऱ्या विधानाला फसतात. कारखान्यात काम केलेल्या माणसाला वाटतं, शिफ्ट सुटल्यावरच येणार ना! त्याचा अनुभव खराही असेल. पण प्रश्न उताऱ्याला विचारलेला आहे. म्हणून प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवा. बोट ठेवता येत नसेल तर उत्तर तुमच्या डोक्यातून आलंय.

5. चुकांची वही ठेवा

फक्त 'चुकलं' लिहू नका. का चुकलं ते लिहा. शब्द माहीत नव्हता? शब्द माहीत होता, पण वाक्य लागलं नाही? पर्यायात तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली होती, ते ओळखता आलं नाही? की वेळ संपला? वीस-पंचवीस नोंदी झाल्या की एकच कारण पुन्हा पुन्हा दिसायला लागतं. पुढचा महिना त्याच्यावर घालवा.

6. वाचलेलं ऐका आणि मोठ्याने वाचा

समजलेला उतारा एकदा ऐका, एकदा मोठ्याने वाचा. शब्दाला आवाज मिळाला की लांब वाक्य डोक्यात धरून ठेवणं सोपं जातं. कामावर जाता-येता बसमध्ये हे जमतं.

वेळ कुठून आणायचा?

दिवसाला चाळीस मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत. त्यातली वीस सोप्या वाचनाला, दहा तुकडे पाडायला, दहा ऐकायला. घड्याळ लावून उतारा आठवड्यातून दोनदाच. रविवारी पाच तास बसून सोमवार ते शनिवार सुट्टी घेण्यापेक्षा हे जास्त टिकतं.

ही अट कायम राहणार का?

चीनमध्ये यावर चर्चा चालू आहे. 2023 साली शीआन जिआओतोंग विद्यापीठाने जाहीर केलं की त्यांच्या नियमित विद्यार्थ्यांच्या पदवीसाठी राष्ट्रीय इंग्रजी परीक्षेची अट राहणार नाही. 1 जानेवारी 2025 पासून देशात नवा पदवी कायदाही लागू झाला आहे. पण इंग्रजीची अट किती ठेवायची, हे आजही मुख्यतः त्या त्या विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून असतं. त्यामुळे प्रवेश घेतानाच नियम वाचून ठेवणं महत्त्वाचं. शेवटच्या वर्षी कळलं, तर हाताशी वेळ नसतो.

आणि मराठी माध्यमातून शिकून आज इंग्रजी उताऱ्यांशी झगडत असाल, तर हाच सराव तुमच्याही कामाचा आहे. 'भावाने काल घेतलेलं पुस्तक' म्हणणाऱ्या आपल्यालाही इंग्रजीत आधी पुस्तक हातात घ्यायला शिकावं लागतं. ते कोणी घेतलं, कधी घेतलं, हे वाक्य पुढे सांगणारच असतं.