चष्म्याचा नंबर सारखा बदलतोय? केराटोकोनस म्हणजे काय आणि त्यावर उपचार कोणते?

तीन गुणांच्या बास्केटसाठी जगभर ओळखला जाणारा अमेरिकी बास्केटबॉलपटू स्टीफन करी याने २०१९ मध्ये सांगितलं की, त्याला केराटोकोनस आहे आणि कॉन्टॅक्ट लेन्स लावल्यावर त्याला जग वेगळंच दिसू लागलं. तोवर तो डोळे बारीक करूनच बघत होता. ही सवय तुम्हालाही असेल तर पुढे वाचा.

नेमकं होतं काय?

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात. तो अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जाड आणि घुमटासारखा गोल असतो. केराटोकोनसमध्ये तो पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. मग अक्षरांना सावली दिसते, रात्री दिव्यांभोवती रेषा फुटतात, सिलिंड्रिकल नंबर वाढत राहतो आणि नवा चष्माही समाधान देत नाही.

सुरुवात बहुतेकदा किशोरवयात किंवा विशीत होते. वय जितकं कमी, तितका वेग जास्त. चाळिशीपर्यंत तो सहसा मंदावतो. कारण एकच असं नाही. आनुवंशिकता, अॅलर्जी आणि डोळे जोरजोरात चोळण्याची सवय यांचा संबंध दिसतो.

हा आजार आपल्याकडे किती आहे? नागपूरजवळच्या ग्रामीण भागातल्या तिशीपुढच्या लोकांच्या अभ्यासात २.३ टक्के हे प्रमाण निघालं (२००९). मात्र त्यात फक्त कॉर्नियाची वक्रता मोजली होती, त्यामुळे हा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा.

चष्म्याच्या दुकानातल्या तपासणीत हा आजार सुरुवातीला निसटू शकतो. त्यासाठी कॉर्नियाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी करावी लागते. लेसिकआधी ती करतातच, कारण लेसिकने कॉर्निया आणखी पातळ होतो. केराटोकोनस असेल तर लेसिक नको.

उपचार कोणते?

इथे दोन प्रश्न वेगळे ठेवा: आजार थांबवायचा कसा आणि नीट दिसायचं कसं?

थांबवण्यासाठी क्रॉस-लिंकिंग. ही पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये विकसित झाली. मूळ पद्धतीत कॉर्नियाचा वरचा थर काढून अर्धा तास रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब टाकतात आणि मग अर्धा तास अतिनील प्रकाश देतात. त्याने कॉर्नियातले तंतू एकमेकांना घट्ट बांधले जातात. पुढचे काही दिवस डोळा दुखतो, धूसर दिसतं. कॉर्निया ४०० मायक्रॉनपेक्षा पातळ झाला असेल, तर ही नेहमीची पद्धत चालत नाही. म्हणूनच "पुढच्या वर्षी बघू" हे इथे महागात पडतं.

अनेकांची निराशा होते ती क्रॉस-लिंकिंगनंतर. एवढं करूनही चष्मा का? कारण या उपचाराचं काम आजार रोखणं आहे, नंबर घालवणं नाही.

दिसण्यासाठी आधी चष्मा, मग कडक आरजीपी लेन्स किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स. काहींच्या कॉर्नियात बारीक रिंग बसवतात. आजार फार पुढे गेला तर नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाचं प्रत्यारोपण. ही वेळ मोजक्याच रुग्णांवर येते.

केराटोकोनस असताना अचानक दिसणं खूप कमी झालं, डोळा दुखू लागला किंवा बुबुळ पांढुरकं दिसलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

आणि खाज येत असेल तर? चोळू नका, अॅलर्जीवर उपचार घ्या. पण मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइडचे थेंब आणून टाकू नका. ते सतत वापरल्याने काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.