शब्दवेध : ट्वी

इंग्रजी बोलणारं लहान मूल 'स्वीट' म्हणायला जातं, जीभ अडखळते आणि 'ट्वी' असं काहीसं निघतं. या बोबड्या उच्चारातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द घडला. आरंभी लाडाचा, पुढे हिणवण्याचा. आपला 'लाडिक' याच वाटेवरचा. त्यातही कौतुक आणि टोचणी शेजारी-शेजारी नांदतात.

१९८६च्या आसपास निघालेल्या काही ब्रिटिश बँडना हा शब्द चिकटला. ऑक्सफर्डचा 'तलुला गॉश' त्यांतलाच. मला हे हिणवणं अन्यायाचं वाटतं. ब्रिस्टलची 'सारा रेकॉर्ड्स' पाहा: १९८७ साली दोघांनी सुरू केलेली चिमुकली कंपनी. 'सी अर्चिन्स', 'द फील्ड माइस', थेट सिडनीचा 'ईव्हन ॲज वी स्पीक' अशांची गाणी तिनं काढली, बरीचशी सात इंची तबकड्यांवर. १९९५मध्ये शंभरावा क्रमांक गाठला आणि ती आपणहून थांबली. यात बालिश काय आहे? आवाज न चढवता मनातलं सांगणारी ही गाणी ऐकताना मी अजूनही हातातलं काम बाजूला ठेवतो.

विस्मृतीतले असे बँड धुंडाळणारे रसिक आता 'ट्वी पॉप' हे नाव प्रेमानं घेतात. शब्द पुन्हा लाडाकडे वळला आहे.