चष्म्याच्या चौकटीपासून ४० तासांपर्यंत
लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचे सविस्तर वर्णन केले, तरी पुढची सुमारे दोन दशके अमेरिकेत तिचे खापर बहुधा आईच्या कोरड्या वागण्यावर फोडले जात असल्याने, अशा मुलाला पद्धतशीर शिकवता येईल हा विचार मागेच पडला. तो पुढे आणला वर्तनोपचाराने, म्हणजे इष्ट कृतीला तत्काळ बक्षीस देऊन ती दृढ करण्याच्या रीतीने. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चष्मा लावू न देणाऱ्या साडेतीन वर्षांच्या स्वमग्न मुलाला वुल्फ, रिस्ली आणि मीस यांनी आधी भिंगांविना नुसती चौकट हाताळू दिली व प्रत्येक छोट्या प्रगतीला खाऊचा घास देववला. हा वृत्तान्त १९६४ साली प्रसिद्ध झाला. लॉस एंजेलिसमध्ये इव्हार लोवास यांनी ही रीत भाषाशिक्षणापर्यंत नेली, मात्र त्यांच्या सुरुवातीच्या प्रयोगांत चापट्या आणि विजेचे झटकेही होते, आणि काळाची सबब सांगून ते पोटात घालता येत नाही. त्यांच्या १९८७ च्या अभ्यासात आठवड्याला सुमारे ४० तास शिकवलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण शाळेत इतरांच्या बरोबरीने शिकू लागल्याचे नोंदवले गेले; या आकड्याने असंख्य पालकांना आशा लावली, परंतु मुलांचे गट यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, पाडलेले नसल्याने त्यावरचा वाद दीर्घकाळ चालला.