पुण्याचा फ्लू पावसाळी

हिवाळ्याच्या तोंडावर फ्लूची लस घ्या, हा सल्ला थंड देशांतून आपल्याकडे आला. तिथे तो अगदी योग्य आहे. पुण्यात मात्र फ्लूचा खरा हंगाम पावसाळ्याचा. महापालिकेच्या दवाखान्यात सिस्टर म्हणून माझी नोकरी झाली. जुलै लागला की ओपीडीच्या रजिस्टरात ताप, खोकला, अंगदुखी एवढेच शब्द पानोपानी उतरत. केसपेपर संपत, खिडकीपुढची रांग संपत नसे. तरी लस मागायला लोक येत ते दिवाळीनंतर, स्वेटर बाहेर निघाले की. तोवर साथ येऊन गेलेली असे.

माझ्या आजीचं माहेर वाईजवळच्या एका खेड्यात. 1918 साली फ्लूची महासाथ आली तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. त्या साथीला ती मानमोडी म्हणायची. पाऊस त्या वर्षी दगा देऊन गेला होता, ज्वारी जळली होती, आणि अशक्त झालेल्या गावात ताप शिरला. तिच्या दोन्ही वहिन्या आठवड्याभरात गेल्या. घरात तांब्याभर पाणी द्यायला उभं राहू शकेल असं एकच माणूस होतं, ते म्हणजे ती. पुढे नोकरीत असताना वाचलं की ही साथ हिंदुस्थानात विशीपासून चाळिशीपर्यंतच्यांना जास्त भोवली आणि त्यातही बायका अधिक गेल्या. आजीच्या वहिन्या त्याच वयाच्या होत्या.

मुंबईत ही साथ त्याच वर्षी 10 जूनला नोंदली गेली. गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई ताप येऊन दवाखान्यात दाखल झाले. ती पहिली लाट त्या मानाने सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती काळ होऊन. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवसात मुंबई शहरात 768 मृत्यू नोंदले गेले. संपूर्ण हिंदुस्थानात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींच्याही पुढे जातात. प्लेगाच्या आठवणी आपण पुस्तकांत, पुतळ्यांत जपल्या. मानमोडीत त्याहून कमी काळात इतके जीव गेले, पण तिची आठवण घराघरांतल्या म्हाताऱ्यांबरोबर विझत गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

लस तेव्हाही होती, पण चुकीच्या शत्रूवरची. फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या रुग्णांत एक जिवाणू सापडला होता. रोग त्याचाच, असं समजून त्या जिवाणूच्या लसी जगभर टोचल्या गेल्या. खरा विषाणू हाती लागायला 1933 साल उजाडलं. लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातलं पाणी फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांच्या नाकात सोडलं आणि ते प्राणी आजारी पडले. विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढतो हे समजल्यावर लसीची वाट मोकळी झाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत टॉमस फ्रान्सिस आणि त्यांचा तरुण सहकारी जोनास साल्क यांनी सैनिकांसाठी लस तयार केली. पुढे पोलिओच्या लसीमुळे घरोघरी नाव झालं तो हाच साल्क. 1947 मध्ये ती लस सपशेल निकामी ठरली, कारण विषाणूनं तोवर रूप पालटलं होतं. दरवर्षी नवी लस का, या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. आता जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीचं मिश्रण ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धाच्या पुढच्या हिवाळ्यासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी.

पुण्याचं नाव या इतिहासात ठळक झालं ते 2009 मध्ये. 3 ऑगस्टला इथली चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूनं गेली. देशातला तो पहिला मृत्यू. दुसऱ्या दिवसापासून नायडू रुग्णालयापुढे भर पावसात रांगा लागल्या. घशाचे नमुने तपासायला राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जात, आणि निकाल येईपर्यंत आईबाप मुलांच्या कपाळावरचा हात काढत नसत. शाळा, चित्रपटगृहं बंद झाली. मेडिकलमधले मास्क संपले, तेव्हा लोक रुमालात निलगिरीचं तेल टाकून फिरत होते. आमच्या हातात त्या पावसाळ्यात लस नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात परदेशातून आणलेली लस आम्हा आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळाली. जुलै 2010 मध्ये पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटनं नाकात फवारायची लस बाजारात आणली. अकरा महिन्यांपूर्वी ज्या शहरानं पहिला बळी पाहिला, त्याच शहरात ती तयार झाली, याचा मला आजही अभिमान वाटतो. 2015 मध्ये पुन्हा मोठी साथ आली, आणि त्यानंतर राज्य सरकारनं गर्भवतींना, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात केली.

एखादी महासाथ कुठल्याही महिन्यात उपटू शकते, म्हणून 1918 किंवा 2009 वरून हंगाम ठरवणं बरोबर नाही. त्यासाठी वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात, आणि त्या पुण्याच्याच विषाणू संस्थेनं ठेवल्या. डॉ. मनदीप चढ्ढा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या केंद्रांची आकडेवारी 2015 मध्ये मांडली. श्रीनगरला फ्लू जानेवारी ते मार्चमध्ये चढतो. पुण्यासह देशाच्या बऱ्याच भागांत जुलै ते सप्टेंबर. चेन्नईकडे ऑक्टोबरपासून, तिथल्या पावसाबरोबर. एकाच देशात तीन वेळापत्रकं! म्हणजे श्रीनगरच्या माणसानं हिवाळ्याआधी लस घेणं जितकं योग्य, तितकंच पुणेकरानं एप्रिल-मेमध्ये घेणं.

टोरांटोला राहणारी माझी भाची दर ऑक्टोबरात फोनवर विचारते, "आत्या, फ्लू शॉट घेतलास ना?" तिच्यासाठी तो महिना बरोबर आहे. पण तिथल्यासारखं आपणही थंडीची वाट पाहावी, असं आपल्याकडच्या शिकल्यासवरल्या घरांतही अजून मानतात, आणि त्याची किंमत जुलैत सासरे, आजोबा, गर्भार मुली मोजतात. टोचल्यावर शरीराला तयारी करायला साधारण दोन आठवडे लागतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो असं धरलं, तर लस मेच्या मध्यापर्यंत दंडात गेलेली हवी. आमच्या सोसायटीतल्या साठीपुढच्या सगळ्यांना मी आंबे बाजारात आले की निरोप पाठवते. गेल्या वर्षीची उरलेली नको, नव्या मिश्रणाचीच द्या, असं डॉक्टरांना सांगायचं, हेही त्यात लिहिते.