एकाच घरातली भावंडं आणि एकच यंत्र

मेंदूत गाठ का झाली, या प्रश्नाला डॉक्टरांकडे बहुतेक वेळा उत्तर नसतं. ते टाळाटाळ करतात असं नाही, बहुसंख्य रुग्णांत कारण खरोखरच सापडत नाही. मात्र एक बाह्य कारण पक्कं सिद्ध झालेलं आहे: लहानपणी डोक्यावर घेतलेले क्ष-किरण. हे कळलं कसं, ती गोष्ट आज पाहू. त्यासाठी आपल्याला १९५०च्या सुमाराच्या इस्रायलमध्ये जावं लागेल.

१९४८ला देश स्थापन झाला आणि उत्तर आफ्रिका व मध्यपूर्वेतून स्थलांतरितांचे लोंढे आले. त्यांतल्या पुष्कळ मुलांच्या डोक्यात गजकर्ण होतं. हा बुरशीचा रोग, जिवावर बेतणारा नाही, पण भराभर पसरणारा. ग्रिझिओफल्विनच्या गोळ्या अजून यायच्या होत्या. तेव्हा डोक्याचे पाच भाग पाडून प्रत्येकावर क्ष-किरण टाकायचे, की केस गळतात आणि केसांना धरून असलेली बुरशीही जाते. ही पद्धत युरोप-अमेरिकेत सर्वमान्य होती. न्यूयॉर्कमध्येही हजारो मुलांवर हाच उपचार झाला. म्हणून यामागे कारस्थान शोधणं आम्हाला पटत नाही. पण तो घाऊक प्रमाणात कोणाच्या वाट्याला आला, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. तो आला गरीब, नवख्या स्थलांतरितांच्या मुलांच्या वाट्याला.

बारुख मोदान या साथरोगतज्ज्ञाने उपचारकेंद्रांच्या जुन्या नोंदी काढल्या. किरण दिलेली १०,८३४ मुलं निवडली, तेवढीच किरण न दिलेली मुलं लोकसंख्या-नोंदणीतून घेतली. आणि तिसरा गट केला किरण न मिळालेल्या भावंडांचा, ५,३९२ जणांचा. ही भावंडं का घेतली? घर तेच, जेवण तेच, रक्तही तेच. दोष केवळ आनुवंशिक असता, तर भावंडांतही तो दिसायला हवा होता. १९७४मध्ये पहिले निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. १९८८ला इलेन रॉन आणि सहकाऱ्यांनी सविस्तर आकडे दिले. मेंदूला मिळालेली मात्रा सरासरी १.५ ग्रे. मेंदूच्या आवरणाची गाठ, म्हणजे मेनिन्जिओमा, साडेनऊ पट. मज्जातंतूंच्या आवरणाची गाठ जवळपास एकोणीस पट. ग्लायोमा अडीच पटीहून थोडी जास्त.

पण बघा हं, ‘पट’ हा शब्द फसवा असतो. मेंदू व मज्जातंतूंच्या गाठी किरण मिळालेल्यांत साठ निघाल्या, उरलेल्या दोन्ही गटांत मिळून तेरा. म्हणजे त्याच यंत्राखाली बसलेल्या दहा हजारांहून अधिक मुलांना तोवर अशी गाठ झालेली नव्हती. मग त्या साठांनाच का?

इथे जनुकांचा विषय येतो, आणि इथेच गोंधळही होतो. मेनिन्जिओमाच्या पेशींत बाविसावं गुणसूत्र अनेकदा गहाळ असतं, हे १९७२च्या सुमारास कळलं होतं. १९९३मध्ये त्यावरचं एनएफ२ जनुक सापडलं. हे जनुक जन्मतःच बिघडलेलं असेल, तर दोन्ही बाजूंच्या श्रवणतंतूंवर, मेंदूच्या आवरणावर आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंच्या मुळांवर गाठी होतात. किरणांमुळे झालेल्या गाठींतही एनएफ२ची मोडतोड आढळते. फरक इतकाच, की ती मोडतोड गाठीत झालेली आहे, आईवडिलांकडून आलेली नाही. गाठीतली खूण आणि वारशाने आलेली खूण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग वारसा काहीच नाही का? २००७मध्ये पझित फ्लिंट-रिश्टर आणि सिगल सादेत्स्की यांनी उलट बाजूने पाहिलं. त्यांनी कुटुंबं घेतली. काही घरांत किरण मिळालेल्या एकाहून अधिक भावंडांना मेनिन्जिओमा झाला होता, नुसत्या योगायोगाने व्हावं त्याहून जास्त. काही रक्तांत किरणांना बळी पडण्याची तयारी आधीच असावी, असं यातून दिसतं. मोदानची भावंडं किरणांचा दोष सिद्ध करायला उपयोगी पडली होती, आणि आता भावंडांनीच जनुकांकडे बोट दाखवलं.

१९९४ला इस्रायलने या रुग्णांना भरपाई देणारा कायदा केला. तोवर ती मुलं चाळिशी-पन्नाशीत पोचली होती, आणि गाठी तर तीस-तीस वर्षांनी, त्यानंतरही उमटत राहिल्या. भावाला गाठ झाली, आपल्याला अजून नाही, पण त्या यंत्राखाली दोघेही बसलो होतो, अशी माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचा धोका रक्त तपासून सांगेल अशी एकही खात्रीची खूण अजून हाती आलेली नाही. लक्षणांवर नजर ठेवायची आणि शंका आली की एमआरआय करायचा, एवढंच सध्या डॉक्टर त्यांना सांगू शकतात.