जुन्या ब्रिटिश मोटारींना सिंथेटिक तेल मानवते का?

एमजीबी, मॉरिस मायनर, जग्वार यांसारख्या जुन्या ब्रिटिश मोटारी जतन करणाऱ्यांपुढे इंजिनात कोणते तेल घालावे, हा प्रश्न नेहमीच असतो. महाग ते उत्तम, या समजुतीने अनेक जण आधुनिक सिंथेटिक तेलाकडे वळतात. तथापि, केवळ किंमत पाहून केलेली निवड इंजिनाच्या मुळावर येऊ शकते.

सिंथेटिक तेलाचे गुण वादातीत आहेत. ते थंडीत सहज वाहते आणि उष्णतेने लवकर खराब होत नाही. मात्र ही इंजिने दाट खनिज तेल गृहीत धरून घडविलेली आहेत. त्यांना सहसा २०डब्ल्यू-५० दर्जाचे तेल योग्य ठरते. ०डब्ल्यू-२० सारख्या पातळ तेलाने त्यांतील तेलाचा दाब घटतो.

दुसरा मुद्दा गळतीचा. जग्वारच्या एक्सके इंजिनात बराच काळ क्रँकशाफ्टच्या मागील टोकाला दोरीसारखे सील असे. सिंथेटिक तेल चांगले सील खराब करते, हा समज आजच्या तेलांबाबत खरा नाही. परंतु झिजलेल्या सीलभोवती साचलेला गाळ धुऊन निघाला, की दडलेली गळती उघडी पडते.

सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे जस्त व फॉस्फरसयुक्त ‘झेडडीडीपी’. या इंजिनांतील कॅम सपाट टॅपेटवर घासत फिरतात आणि हे द्रव्य त्यांची झीज रोखते. फॉस्फरसमुळे धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होत असल्याने २००४ च्या ‘एपीआय एसएम’ मानकाने पातळ तेलांतील त्याचे प्रमाण ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले. कॅमचा कठीण पृष्ठभाग एकदा झिजला, की कोणतेही तेल तो भरून काढू शकत नाही.

१९५९ मध्ये आलेल्या मूळ मिनीत इंजिन व गिअरबॉक्स यांना एकच तेल असते. गिअरच्या दातांत भरडले जाऊन त्याचा दाटपणा घटतो. म्हणून तेथे ते वेळेवर बदलणे अधिक निकडीचे ठरते.

हा विषय भारतालाही परका नाही. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली, २०१४ पर्यंत तयार झालेली अॅम्बेसेडर दीर्घकाळ बीएमसीच्या १४८९ सीसी ‘बी’ मालिकेतील इंजिनावर धावली.

थोडक्यात, दाटपणा योग्य असेल, झेडडीडीपी पुरेसे असेल आणि सील सुस्थितीत असतील, तर सिंथेटिक तेल वापरण्यास हरकत नाही. नव्याने बांधलेल्या इंजिनात मात्र पिस्टन रिंगा नीट बसेपर्यंत खनिज तेलच वापरावे. मोटार क्वचितच रस्त्यावर येत असली, तरी वर्षातून एकदा तेल बदलणे हितावह.