गोल्फ क्लबांचा पल्ला

गोल्फ या खेळात एखाद्या क्लबने मारलेला चेंडू जितके अंतर कापतो, त्यास त्या क्लबचा पल्ला म्हणतात. (मराठीत ‘क्लब’ हा शब्द संस्थेसाठीही रूढ आहे, येथे तो चेंडू मारण्याच्या काठीसाठी योजला आहे.) पल्ला यार्डांत मोजतात, १ यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर. नियमांनुसार एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात.

लॉफ्ट आणि वेग

पल्ल्यातील फरक मुख्यतः लॉफ्टमुळे, म्हणजे क्लबच्या तोंडाच्या कलामुळे पडतो. ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारण ९ ते १२ अंश, तर पिचिंग वेजचा ४४ ते ४८ अंश असतो. लॉफ्ट वाढला की चेंडू उंच उडतो, त्यास उलटी फिरकी अधिक मिळते आणि तो लवकर खाली येतो. शिवाय अशा क्लबचा दांडा आखूड असल्याने फटक्याचा वेगही कमी भरतो.

अमेरिकेतील पुरुष व्यावसायिकांचा चेंडू ड्रायव्हरने हवेतून सुमारे २८० यार्ड, ७ क्रमांकाच्या आयर्नने १७५ आणि पिचिंग वेजने १४० यार्ड जातो. हौशी पुरुष खेळाडूचा ड्रायव्हरचा पल्ला बहुधा २०० ते २३० यार्डांच्या आसपास राहतो. क्लबवरील क्रमांक मात्र फसवा असतो. पूर्वी ७ क्रमांकाच्या आयर्नचा लॉफ्ट ३६ अंशांच्या आसपास असे. आज काही संचांत तो ३० अंशांहूनही कमी आहे. त्यामुळे ‘नवा क्लब लांब मारतो’ या दाव्यातील बराच भाग केवळ कल घटवल्याचा असतो.

हवा आणि जमीन

समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर उंचीला हवा विरळ होऊन पल्ला सुमारे १ टक्क्याने वाढतो. मुंबईत चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या मैदानावरील २०० यार्डांचा फटका सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात, येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबमध्ये, ४ यार्ड पुढे पडेल. २,६०० मीटरहून उंच असलेल्या गुलमर्गला हीच वाढ १५ यार्डांच्या पुढे जाते.

दमट हवेत चेंडू कमी जातो हा समज खरा नाही. पाण्याची वाफ कोरड्या हवेहून हलकी असल्याने दमट हवेचा विरोध किंचित कमीच असतो. पावसाळ्यात एकूण अंतर घटते, त्याचे प्रमुख कारण ओल्या जमिनीवर चेंडू घरंगळत नाही हे होय. मैदानाची ही नस अनुभवी कॅडीस ठाऊक असते. क्लब निवडताना खेळाडू त्याचा सल्ला घेतात, आणि फेरीत असा सल्ला स्वतःच्या कॅडीकडून घेण्यास नियमांचीही मुभा आहे.